नगाला किती?

गोष्ट पितृपंधरवड्यातली, पण दसरा होऊन दिवाळी तोंडावर आली तरी डोक्यातून जात नाही. संध्याकाळची वेळ होती, ओट्यावर बसून नातीचा स्वेटर विणत होते. आमची गल्ली सोलापुरातली, साखर पेठेजवळची, पूर्व भागातली. समोर यंत्रमागाचा कारखाना, त्याला लागून पिठाची गिरणी. दिवसभर अशी खटखट, की नव्या पाहुण्यांचं डोकं उठतं आणि आम्हाला गावाला गेल्यावर शांततेनं झोप येत नाही. पलीकडच्या बोळातली एक बाई रोज या वेळेला कारखान्यात विड्या देऊन परतते. वाटेत आमच्या ओट्यावर टेकायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, पोटऱ्या चेपायच्या आणि उठायचं, हा तिचा नेम. पिशवीत उद्यासाठीची पानं आणि तंबाखू. तिच्याबरोबर तो वास येतो, कडवट, नाकात बसणारा, आणि ती गेल्यावरही ओट्यावर थोडा वेळ रेंगाळतो. त्या दिवशी तिनं माझ्या सुयांकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय करलालाव अक्का?" म्हटलं, स्वेटर. "नगाला किती देतात ओ?" म्हटलं, कोण देणार? नातीला करतेय, नाशिकला थंडी असते. "म्हणजे फुकट?" फुकट. "किती दिवस चालणार?" दिवाळीपर्यंत होईल. तिनं जरा हिशेब केल्यासारखं केलं, म्हणाली, "बाजारात अडीचशेला मिळतंय की," आणि पिशवी उचलून निघाली.

टोमणा नव्हता तो. असता तर विसरले असते.

आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे हवापाण्याची चौकशी. इथं हात हलतो तो दरावर. विडी हजारावर, टॉवेल-चादर नगावर. पोराला शाळेतून आणायला उशीर झाला तर तो उशीर किती विड्यांचा, हे बायकांना तोंडपाठ असतं. त्यातून विडी वळणं म्हणजे नुसतं गुंडाळणं नाही. भिजवलेलं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं, पंचवीसचा कट्टा करायचा. सूप मांडीवर, गप्पा चालू, नजर टीव्हीवर, आणि बोटं आपली आपण. एवढं करून कारखान्यात तपासणीत जी विडी जरा सैल, जरा वाकडी, ती छाट म्हणून बाजूला. छाटाचे पैसे नाहीत. दिवसभर दोरा बांधणाऱ्या त्या बाईला, दुसरी एक बाई तितकाच वेळ दोऱ्याशी खेळतेय आणि तिला कोणी छदामही देत नाही, हे बघून काय वाटलं असेल? कीव? की 'पेन्शन आहे, बसलीय निवांत'? दुसरं असणार. आणि ते खोटं नाही.

पण हे दिवसच असे असतात की हात स्वस्थ बसत नाहीत. सोलापूरचा माणूस हवेबद्दल चांगलं बोलला तर ताप बघावा लागतो, तरीही सांगते, हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर इथं दोन-तीन आठवडे भारी असतात. दुपारी ऑक्टोबरचं ऊन आहेच, गच्चीत अनवाणी पाय टेकत नाही. पण पहाटे पायाशी लोटलेली चादर अंगावर ओढावीशी वाटते. ज्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात चादर ओढायची हौस फिटते ती याच दिवसांपासून पुढं. माळावर तरवड पिवळाधमक फुललेला, कडेकडेनं कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, शेतात ज्वारीच्या पेरणीची घाई. बाजारात तिळाची, कारळ्याची फुलं घटाच्या माळेसाठी येतात, कुठल्या बांधावरून तोडून आणतात देव जाणे. घराघरात कडाकण्या तळल्याचा वास, त्यात गिरणीतल्या भाजाणीचा वास मिसळलेला. पाऊस सरलेला, थंडी यायचीय, मधल्या या फटीत सण एकामागून एक असे येतात की कॅलेंडरवर पानच पुरत नाही.

उकाड्यात लोकर विणणं हा वेडेपणा आहे, कबूल. तळहाताला घाम येतो, धागा बोटाला चिकटतो, सुईवर टाके सरकायचे थांबतात आणि किरकिर वाजतात. आपल्याकडं दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रेलिक. मेंढीचा तिच्याशी संबंध नाही. तिच्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण मरते, म्हणजे टाक्यातला उसळता फुगीरपणा जाऊन सगळं लुळं पडतं, आणि ते परत येत नाही. खऱ्या लोकरीचं तसं नाही, पण ती नातीला टोचते आणि मला परवडत नाही. खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट, म्हणजे ताणली की ताणते आणि सोडली की मिटते. वर अंगाला साबुदाणा वीण घेतलीय, एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत उलटीवर सुलट, सुलटीवर उलट. एरवी सगळ्यांना आवडते ती एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण. पण ती कडेला वळते, लोळागोळा होते. दोन्ही अंगांचे टाके वेगळे, ताण एका बाजूला जास्त, मग कड गुंडाळली जाणारच. साबुदाण्यात दोन्ही अंगं सारखी, म्हणून ते कापड सपाट राहतं. वेळ मात्र खातं. दर टाक्याला दोरा पुढं घ्या, मागं न्या, पुढं घ्या.

विणायला आईनं शिकवलं. तिच्याकडं नवी लोकर क्वचित यायची. मोठ्या भावाचा स्वेटर आखूड झाला की दिवाळीच्या सुटीत तो उसवायचा कार्यक्रम. शिवण सोडवून, शेवटचा टाका शोधून एक टोक ओढलं की भर्रर्र करत ओळीच्या ओळी निघायच्या, आणि हातात यायची ती शेवयांसारखी कुरळी झालेली लोकर. आई ती पाटाच्या चार पायांभोवती गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि दोरीवर टांगून खाली अडकित्ता बांधायची. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. मग गुंडा करायचा. त्यासाठी मी नाहीतर वडील दोन्ही हात पुढं करून बसायचो, हातांवर लडी, आणि आई समोर बसून गुंडाळतेय. हात एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकवत राहायचं. नाक खाजलं तरी खाजवायची सोय नाही.

वडील मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. शहरात पहिली मिल निघाली 1877 च्या सुमाराला, जिला सगळे जुनी मिल म्हणतात. नंतर आणखी निघाल्या, आणि आमच्या लहानपणी भोंग्यावर घड्याळं लावायची पद्धत अजून होती. ताणा-बाणा त्यांच्या हाडात मुरलेला. शेकडो उभे धागे ताणून धरायचे आणि त्यातून धोटा मारायचा, हे त्यांच्या मते कापड. जकार्डचं काम त्यांना विशेष आवडायचं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरतेय, जिथं भोक तिथला धागा उचलला जातो, आणि खाली आपोआप मोर उमटतो, हे सांगताना त्यांचे डोळे लकाकायचे. आईच्या विणकामाकडं ते जरा संशयानं बघायचे. लडी हातावर घेऊन बसले असताना एकदा म्हणाले, "ताणा नाही, बाणा नाही. एकच धागा, तो स्वतःलाच धरून बसलाय." आई म्हणाली, "म्हणून तर उसवता येतो. तुमची चादर उसवून टॉवेल करून दाखवा." त्या दिवाळीत हा वाद बरेच दिवस चालला. मिल बंद पडल्यावर वडील मागाबद्दल फारसं बोलेनासे झाले. लडी धरायला मात्र बसायचे.

त्या बाईच्या प्रश्नानंतर एका रात्री मी खरंच कागद घेऊन बसले. लोकरीचे पैसे, रोजचे तास, बाईमाणसाची मजुरी. जो आकडा निघाला त्या दराला हा स्वेटर कोणी घेणार नाही, आणि बाजारभावानं विकला तर माझी मजुरी लोकरीच्या पैशातच बुडते. इथवर ठीक. पण त्यानंतर काही संध्याकाळी गंमत झाली. हिशेब डोक्यात शिरल्यामुळं हात घाई करायला लागला. घाईनं दोरा ओढला जातो, टाके आवळतात, सुई शिरेना. साबुदाण्याचे दाणे बारीक आणि टणक. तेवढा पट्टा बाकीच्यांपेक्षा अरुंद झालाय, हात फिरवला की कळतं. उसवावा असं वाटलं होतं, मग राहू दिला.

खंडेनवमीला समोरचा कारखाना बंद असतो. मागांना धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालतात; तेलानं काळे झालेले ते लोखंडी सांगाडे त्या दिवशी भलतेच देखणे दिसतात. आमच्याकडं त्या दिवशी विळी, कात्री, शिवणयंत्र आणि माझ्या सुया पूजेला. पूजेतली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, हा आईचा कडक नियम. लहानपणी आम्ही त्याच नियमाखाली पुस्तकं पुजून अभ्यास टाळायचो. गल्लीत खटखट नाही, हातात सुया नाहीत, अशी दुपार वर्षात एकदाच येते. मग मी गच्चीवर गेले.

गच्चीत कुंड्या आहेत, बाग म्हणणं जरा जास्त होईल. सदाफुली, तुळस, गवती चहा, कढीलिंब, दोन जास्वंदी आणि शेवंती. शेवंतीचं यंदा वेगळंच प्रकरण झालं. उन्हाळ्यात आमच्या गच्चीला लागून असलेल्या खांबावर नवा एलईडी दिवा लागला. प्रकाश असा, की रात्री गच्चीत बसून तांदूळ निवडावेत. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. पण भाद्रपद आला तरी त्या बाजूच्या शेवंत्या नुसत्या पानांनी माजलेल्या, कळीचा पत्ता नाही. टाकीच्या पलीकडं, सावलीत पडलेल्या एका कुंडीला मात्र बारीक बटणं धरलेली. माती तीच, शेणखत तेच, पाणी तेच. फरक रात्रीचा. शेवंतीला कळी धरायला लांब आणि अखंड रात्र लागते; दिवस लहान होत चालले की तिला समजतं. रात्रीत मधेच उजेड पाडला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू. फुलांचे शेतकरी हीच युक्ती उलटी वापरतात, पॉलिहाऊसमध्ये रात्री बल्ब लावून बहर लांबवतात, म्हणजे पाहिजे त्या सणाला फूल हाती येतं. माझ्याकडं न मागता कुणीतरी ती सोय करून दिली होती. गणपती गेल्यावर सगळ्या कुंड्या ओढत टाकीमागं नेल्या. कंबर धरली, पण नेल्या.

देवघरात तेव्हा घट बसलेला होता. पत्रावळीवर काळी माती, त्यात सात धान्यं, आणि आठवड्यात वीतभर उंच झालेलं ते धान. अंधाऱ्या देवघरात उजेड मिळत नाही म्हणून ते हिरवं होतच नाही, पिवळंजर्द, कोवळं, हात लावला तर वाकणारं. दसऱ्याला तेच टोपीत खोवायचं, कानावर ठेवायचं. शेताच्या हिशेबानं ते बाद रोप; त्याला कधी कणीस येणार नाही.

त्याच दुपारी गच्चीवरून खाली बोळात ती बाई दिसली. आमच्या भागातल्या तेलुगू बायकांचा बतुकम्मा, म्हणजे फुलं रचून पुजायचा सण, सर्वपित्री अमावास्येला सुरू होतो आणि अष्टमी-नवमीपर्यंत चालतो. मोठ्या दिवसाची तयारी चालली होती. दारात पोतं अंथरलेलं, त्यावर फुलांचे ढीग: तरवड, कुर्डू, झेंडू. पितळी ताटात भोपळ्याची पानं घालून ती एकेक फूल गोलात रचत होती. तरवडाचा एक थर, त्यावर कुर्डूचा, मग झेंडूचा. कुर्डूचे तुरे काही रंगात बुडवून गुलाबी केलेले, देठ सारख्या लांबीचे कापून त्यांच्या जुड्या बांधलेल्या, विडीच्याच दोऱ्यानं. थर वर जाताना गोल लहान होत जातो, आत पाला भरायचा, नाहीतर सगळं एका अंगाला कलतं. सगळ्यात वर हळदीची गौरम्मा, म्हणजे त्यांची गौर. हजारावर दर असलेली तिची बोटं इतकी सावकाश चाललेली मी कधी पाहिली नव्हती. एक थर तिला पसंत पडला नाही, तिनं तो सगळा काढला आणि परत रचला. मला बघून वर ओरडली, "अक्का, शेवंती आहे का ओ?" मी म्हटलं, अगं, नुसत्या कळ्या आहेत, दिव्यानं घोळ केलाय. तिला दिव्याची भानगड कळली नसावी. "असू दे," म्हणाली आणि मुलीला चौकात पिटाळलं, विकत आणायला. दसऱ्याच्या तोंडावर शेवंतीचा भाव विचारायची सोय नसते. अंधार पडता-पडता बायका तो बतुकम्मा मधे ठेवून भोवती टाळ्या वाजवत फिरल्या, गाणी म्हणाल्या, आणि मग वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडून आल्या.

दिवसभर खपून केलेलं, पाण्यात. नगाला किती, असं तिला मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, पण माझ्या तोंडी तो प्रश्न चेष्टेचा झाला असता, तिच्या तोंडी नव्हता. शिवाय त्या दिवशीच्या न वळलेल्या विड्यांचे पैसे तिचे बुडालेच. पूजेला बसल्यामुळं माझ्या पेन्शनमधून कोणी काही कापत नाही. हा फरक फुलांच्या थरांत लपवून टाकण्यासारखा नाही.

दसऱ्यानंतर तुळजापूरला आई भवानी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. नऊ दिवस लढून सीमोल्लंघन झालं की नगरकडून आलेल्या पलंगावर मूर्ती निजवतात. एवढी मोठी महिषासुरमर्दिनी, तिलाही दमल्यावर सुटी हवीच, आणि ती कुणाला विचारून घ्यावी लागत नाही. मग कोजागिरीला सोलापुरातून माणसांचा लोंढा चालत निघतो, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. कर्नाटकातूनही येतात. रस्त्यावरची वाहतूक वळवलेली, ठिकठिकाणी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, पायाला चोळायला मलम, आणि रात्रभर 'आई राजा उदो उदो'. पूर्वी मीही चालायचे. आता गुडघे नको म्हणतात, म्हणून रूपाभवानीच्या देवळापर्यंत जाऊन येते आणि गच्चीत दूध आटवते. यंदा त्या एलईडीच्या खांबाखाली दुधात चंद्र सापडेना. शेवटी पातेलं घेऊन टाकीमागं, शेवंतीच्या शेजारी जाऊन बसलो. ती बाई मात्र चालत गेली होती. दोन दिवसांनी लंगडत ओट्यावर आली, तळपायाला फोड, चेहरा उजळलेला. माझ्या हातातला स्वेटर तिनं मागून घेतला. पुढचं अंग पूर्ण झालं होतं. तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडं धरलं, कड दोन बोटांत धरून चाचपत वर गेली, आणि बरोबर त्या आवळलेल्या पट्ट्यावर थांबली. "अक्का, हे आमच्याकडं छाटात गेलं असतं बघा." एवढी हसली मग, की गिरणीवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

आता दिवाळी आठवड्यावर आलीय. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. मागावरच्या कामगारांचा बोनस कधी होणार आणि किती, हीच चर्चा चहाच्या टपरीवर. दसऱ्याला सोन्याच्या भावानं गेलेला झेंडू मधल्या दिवसांत रस्त्याकडेला ओतलेला होता, त्याला आता पुन्हा भाव चढलाय. शेवंतीनं तोंड उघडलंय, पिवळी आधी, पांढरी अजून हिरवट मिठीत. बहर गेला की बुडातून फुटलेल्या काश्या वेगळ्या करून लावायच्या. त्यातल्या चार तिला दारात लावायला द्यायच्या ठरल्यात, तिच्या बोळात दिवा नाही. स्वेटरच्या एका बाहीपुरती लोकर कमी पडली. दुकानदारानं त्याच रंगाची म्हणून जी दिली तिचा लॉट नंबर वेगळा निघाला. दुकानात कळत नाही, उन्हात धरलं की एक छटा पिवळी दिसते. आता दोन्ही बाह्या नव्या लोकरीच्या करायच्या आणि हे आधीच ठरलं होतं असं लेकीला सांगायचं. भाऊबीजेला भाचा गाडी घेऊन नाशिकला जातोय, त्याच्याबरोबर चकल्यांचा डबा जाईल, शेंगापोळ्या जातील, शेंगाचटणी जाईल. स्वेटर काही त्या गाडीला होत नाही. नाशिकची थंडी डिसेंबरात, थांबेल तेवढं.